लेकराची ओंजळ

अल्लीपूर,
दिवाळीच्या सुट्टीत

प्रिय नागसेन,

जयभीम. हे पत्र आधी तिथले साहेब उघडून वाचतील आणि मग तुझ्या हाती पडेल, हे मला ठाऊक आहे. वाचू देत बापडे. मी मास्तरीण, माझं लिहिलेलं कोणीतरी शेवटपर्यंत वाचतंय याचंच मला अप्रूप. वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा अर्धी पोरं खिडकीबाहेर बघत असतात. फोनवरच बोलले असते, पण तुमच्या त्या फोनाची तऱ्हाच उलटी. तो तुम्ही करायचा, आम्ही फक्त वाट बघायची. आणि तू तर गेले कितीतरी बुधवार फोन केलेला नाहीस. शिवाय पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच कट करता येत नाही. घडी घालून उशाखाली सारलंस तरी रात्रभर टोचत राहील, मला माझ्या भावाचा स्वभाव माहीत आहे.

शाळेला सुट्टी लागली तशी मी केळझरहून इकडे आले. तुझे भाऊजी म्हणाले, जा, आईजवळ राहा चार दिवस, इथलं मी बघतो. म्हणजे काय बघणार ते मला माहीतच आहे, परत गेल्यावर भांड्यांचा ढीग माझीच वाट बघत असेल. पण मन इथे ओढत होतं. माय बरी आहे. गुडघा तेवढा छळतो. एसटीची पायरी चढताना तिचे जे हाल होतात ते बघवत नाहीत, म्हणून नागपूरच्या जेलात तुझ्या मुलाखतीला तिला दर वेळी आणता येत नाही. सगळा जीव तिनं त्या बटणाच्या फोनात ठेवलाय. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बटव्यात आणि बटवा गळ्यात. आंघोळीला जाताना बटवा न्हाणीच्या दोरीवर टांगते आणि मानेला ताण देत त्याच्याकडेच बघत अंगावर पाणी घेते. मी हसले तर म्हणते, तुले हासू येते, नागसेनचा फोन आला म्हंजे मी ओल्या अंगानं पळू का?

तुझा फोन येईना तेव्हा तिनं काय काय केलं ते ऐक. आधी तिला वाटलं, फोनच बिघडला. हिंगणघाटला जाऊन दुकानात दाखवून आली. दुकानदारानं स्वतःच्या मोबाइलवरून तिला फोन लावून दाखवला, घंटी वाजली, तरी हिचा विश्वास बसेना. म्हणे, तुमचा हितलाच हाय, माह्या पोराचा लांबून येते. मग वाटलं, रिचार्ज संपलं असेल. रिचार्ज संपलं की येणारे फोनसुद्धा बंद होतात, एवढी एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसलेली, म्हणून आधीचं संपलेलं नसतानाच दुसरं मारून आली. त्यानंही काही होईना तेव्हा तिनं ठरवलं, तुझ्याच खात्यातले पैसे संपले असणार, मग पुन्हा मनीऑर्डर केली. चपलेला पट्टा नाही, दोरी बांधून चालते आहे आणि फोनाच्या दोन्ही टोकांना पैसा ओतते आहे. मी म्हटलं, माय, तिथे फोनाला एवढे लागत नाहीत. तर म्हणाली, आपल्याले काय मालूम, त्याले लय बोलायचं असंन.

बुधवारी मी तिच्याबरोबर कापूस वेचणीला गेले. खरं तर मला वाटलं होतं, बुधवारी ती घरीच बसत असेल. तुमच्या बराकीचा वार बुधवार, पण वेळेचा काही भरवसा नाही. दुपारी तुझा नंबर लागेल नाहीतर दिवस कलताना. सुरुवातीला ती खरंच दर बुधवारी दाराशी फोन घेऊन बसायची. म्हणजे कोडं असं की फोनासाठी मजुरी बुडवायची, आणि मजुरी बुडली की फोनाला पैसा कुठून आणायचा? हे कोडं मी माझ्या डोक्यात पुष्कळदा फिरवलं होतं. माझ्या पगारातून मी पाठवते म्हटलं तर माय घेत नाही. म्हणते, तू तुहा संसार पाय, माह्या पोराशी मी माह्या घामानं बोलन. या बाईपुढे कोणाचं चाललंय?

कोडं सोडवलं ते यशोदाबाईंनी. माय ज्या टोळीत वेचणीला जाते, तिच्या मुकादम. तू त्यांना ओळखतोसच. लहानपणी त्यांच्या बोरीवर दगड मारून तू आणि रोशननं किती शिव्या खाल्ल्या होत्या. यशोदाबाई मायला म्हणाल्या, घरी काऊन बसतं वं? फोन घेऊन वावरात ये. तर पहिल्याच बुधवारी वावरात नेटवर्कच नव्हतं. प्रभाकररावांचं ते नाल्याकाठचं खोलगट वावर, ट्रॅक्टर घेऊन तू शंभरदा गेला असशील. पुढच्या बुधवारी सगळ्या बायका दुपारच्या भाकरीनंतर आपापले फोन वर धरून वावरभर हिंडल्या, कुठे काड्या दिसतात ते शोधत. धुऱ्यावरच्या पळसाखाली दोन काड्या दिसल्या. ती जागा ठरली. आता दर बुधवारी माय दुपारची भाकर खाल्ली की पळसाखाली जाऊन बसते, तुझा फोन येईपर्यंत.

आणि वेचणी? वेचणी तर किलोवर. दिवस मावळताना काटा होतो, जिनं जेवढं वेचलं तेवढीच तिची मजुरी. अर्धा दिवस पळसाखाली बसणाऱ्या बाईच्या गाठोड्यात काय असणार? मी तेच विचारलं. तेव्हा मायनं मला लेकराची ओंजळ सांगितली. मी याच घरात वाढले, शाळा शिकले, शाळा शिकवते, आणि ही गोष्ट मला माहीतच नव्हती. टोळीत अंगावर पिणारं लेकरू असलेली बाई असली, की ती दिवसातून चारदा झाडाखालच्या झोळीकडे जाणार, लेकराला पाजणार, थोपटणार. तेवढ्यात तिची ओळ मागे पडते. म्हणून काट्याच्या आधी प्रत्येक बाई आपल्या ओटीतला एक ओंजळ कापूस तिच्या गाठोड्यात टाकते. कोणी मोजत नाही, कोणी बोलत नाही, आणि घेणारीनंही नको म्हणायचं नसतं. उद्या तिच्या जागी दुसरी असणार. तुझ्या वेळी तुझी झोळी पळसालाच बांधलेली असायची म्हणे, आणि तिच्या शेजारी दुसरी झोळी तानामावशींच्या रोशनची. तुम्हा दोघांच्या जन्मात दोन महिन्यांचं अंतर. माय तुला पाजायला गेली की तानामावशी तिच्या गाठोड्यात ओंजळ टाकायच्या, आणि तानामावशी उठल्या की माय त्यांच्या. हे माय सांगत होती आणि मी तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

तर त्या पहिल्या वर्षी, काट्याच्या वेळी मायचं गाठोडं अर्धं पाहून यशोदाबाई बायकांना म्हणाल्या, हिचं लेकरू नाई का? फोनात हाय तं का झालं, लेकरूच हाय ना! झालं. तेव्हापासून बुधवारी तुझ्या नावाची ओंजळ पडते. नागसेन, तुझ्या दाढीत आता पांढरा केस असेल एखादा, आणि इथे अल्लीपूरच्या वावरात तू अजून झोळीतलं बाळ आहेस. मला हसावं की रडावं कळेना. मी आजवर कितीतरी भाषणं ऐकली, पंधरा ऑगस्टला स्वतःही ठोकली, माणुसकी वगैरे शब्द फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले. पण ती गोष्ट अशी ओटीतून काढून देता येते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

त्या दिवशीचं सांगते. माय पळसाखाली बसली होती. मी तिची ओळ घेतली होती आणि माझी बोटं बोंडांच्या टोकांनी पार ओरबाडून निघाली होती. बायकांच्या गप्पांना ऊत आलेला. कोणाची सून, कोणाचा जावई, मोबाइलवरची कुठली मालिका. आणि फोन वाजला. नागसेन, मी तुला काय सांगू. ते सगळं वावर एका क्षणात गप्प झालं. यशोदाबाईंनी फक्त हात वर केला. वाकलेल्या बायका वाकलेल्याच थांबल्या, कोणाचं पाऊल हलेना, कारण वाळलेल्या पऱ्हाटीतून चाललं तरी आवाज होतो. मायला ऐकू कमी येतं म्हणून. इतका पांढरा कापूस, इतक्या बायका, आणि नुसतं वारं. विहारात वंदनेच्या वेळीसुद्धा इतकी शांतता मी कधी पाहिलेली नाही.

मायनं फोन कानाला लावला, ऐकलं, आणि मोठ्यानं म्हणाली, बाई, मले कर्ज नाई पायजे, तू लवकर ठेव, माह्या पोराचा फोन येनार हाय! कुठल्याशा कर्जवाल्या कंपनीची पोरगी होती. सगळ्या बायका अशा हसल्या की नाल्यातले बगळे उडाले. मायही हसली. तिथल्या तिथे पुन्हा हात बोंडांवर चालायला लागले आणि गप्पा सुरू झाल्या. पण हसणं ओसरल्यावर मी मायकडे पाहिलं तर ती फोन दोन्ही हातांत धरून बसली होती, पिशवीत परत न ठेवता.

मी ओळ सोडून तिच्याजवळ गेले. माणूस खूप दिवस जे आत ठेवतो ते कधी कधी असं उन्हात, सहज बोलतो. ती म्हणाली, शेवटचा फोन आला त्या दिवशी बोलता बोलता तुझा आवाजच गेला. तू विचारत होतास, माय तू जेवली का, आणि तेवढ्यात फोनाचं भान न राहून वावरातून कोणीतरी टोळीतल्या दुसऱ्या बाईला हाक मारली, सुलोचना, सावली सरकली, इकडं बस वं. माय म्हणाली, तो आवाज त्यानं वळखला. मंग एक शब्द बोल्ला नाई. फोन चालू होता, श्वास ऐकू ये, पन बोल्ला नाई. मंग ठेवून देल्ला. तेव्हापासून तुझा फोन नाही. म्हणजे तिला सगळं कळलेलं होतं, बाळा. दुकान, रिचार्ज, मनीऑर्डर हे सगळं करताना तिला कळलेलं होतं. पण बिघाड फोनात असला तर तो दुरुस्त करून मिळतो ना, म्हणून ती फोनाच्याच मागे लागली होती.

तो आवाज तानामावशींचा होता. त्या याच टोळीत आहेत, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? माय आणि त्या एका ओळीत वेचतात, पण मध्ये दोन बाया ठेवून. खटला चालला तेव्हापासून आमच्या घराकडे त्यांनी पाहिलेलं नाही. गल्लीच्या नळावर माय आली की त्या घागर उचलून जायच्या, मग माय उशिरा जायला लागली. कसं पाहावं त्यांनी? एका सैल बांधलेल्या ताडपत्रीवरून, जिनिंगबाहेरच्या गाड्यांच्या रांगेत, तुम्हा दोघांचं जुंपलं. तू ढकललंस आणि रोशन भरल्या ट्रॉलीवरून खाली पडला तो उठलाच नाही. सकाळी एकाच डब्यातली भाजी खाऊन निघाला होतात तुम्ही. तू मारायला ढकललं नाहीस हे मला माहीत आहे, मायला माहीत आहे, न्यायाधीशांनीही तसंच लिहिलं. पण तानामावशींच्या घरात रोशनचा शर्ट अजून खिळ्यावरच आहे. तू फोन ठेवलास तो का ठेवलास, हे मी तुला विचारणार नाही. त्यांचा पोरगा कधीच फोन करणार नाही आणि आपण मात्र मायला जेवली का विचारतो, हेच तुझ्या मनात आलं असणार. तुझी ताई आहे मी, एवढं मला समजतं.

आता संध्याकाळ सांगते. काट्याची वेळ झाली. फोन आला नव्हता. माय पळसाखालून उठून आली आणि आपलं गाठोडं बांधायला लागली, घाईनं, कोणी काही टाकायच्या आत. यशोदाबाई म्हणाल्या, सोड गाठ. माय म्हणाली, आज कायची ओंजळ वं, फोनच नाई आला. अन् आता येईन असं वाटत बी नाई. त्यावर त्या म्हणाल्या, लेकरू झोपून असलं तरी माय झोळीजवळ बसतेच ना? सोड गाठ. मग एकेक बाई पुढे आली. ओंजळ टाकायची आणि बाजूला व्हायचं. ओंजळ कसली, तळहात कातरलेले, त्यात कापूस मावतो तरी किती. मीही टाकली. मला वाटलं, संपलं. यशोदाबाई काट्याकडे वळल्या. तेव्हा मागून तानामावशी आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, आता इतक्या वर्षांचं बाहेर पडेल. त्यांनी मायकडे पाहिलं नाही. ओटीत दोन्ही हात घातले, भरले, मायच्या गाठोड्यात टाकले, वरून दाबले, जसं आपण सगळ्याच बाया दाबतो, आणि हात झटकत गेल्या. कोणालाच त्याचं नवल वाटलं नाही. नवल मला एकटीलाच. नंतर मायनं सांगितलं, पहिल्या बुधवारपासून असंच आहे. बोलणं नाही, बघणं नाही, नळावर पाणी एकत्र भरणं नाही, पण बुधवारी त्यांची ओंजळ चुकत नाही. आणि ती सगळ्यांच्या शेवटी पडते. मी माझ्या आयुष्यात यापेक्षा मोठं काही पाहिलेलं नाही, आणि यापुढे पाहीन असं वाटत नाही.

आता हे पत्र मी का लिहिते आहे ते. मायनं लिहायला सांगितलेलं नाही, ती तर म्हणते त्याले सतावू नको. वावरातून परत येताना तानामावशी माझ्या बरोबरीनं चालायला लागल्या. बाकीच्या बायका पुढे गेल्या, त्या हळू झाल्या. तुझं नाव न घेता म्हणाल्या, पोरी, तुह्या भावानं फोन बंद केला तो माह्यापायी केला, मले समजलं. त्याले लिवजो. मी मान हलवली. मग म्हणाल्या, रोशनचं नाव आता कोनीच काढत नाई माह्यासमोर. मले वाईट वाटंन म्हनून. माह्या घरी तो दमून ये, जेवे अन् झोपे, मले एवढाच मालूम. दिवसभर तं तुह्या भावासंग राहे. ट्रॅक्टरवर काय बोले, कायले हासे, कोनती पोरगी आवडे त्याले, हे त्यालेच मालूम. त्याच्याबगर दुसऱ्या कोनाले मालूम नाई. तं त्याले म्हनजो, फोन करत जाय, अन् मायसंग बोलून झालं का रोशनची एक गोष्ट सांगत जाय. एका टायमाले एकच. नागसेन, त्यांनी तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त हे मागितलं. पुढच्या बुधवारपासून माय पळसाखाली असेल आणि तानामावशी तिच्या शेजारी बसणार आहेत. त्यांचीही ओळ तेवढा वेळ मागे पडेल, पण यशोदाबाईंनी आधीच सांगून ठेवलंय की संध्याकाळी दोन गाठोडी सोडायची. फोन स्पीकरवर असेल. साहेबांची हरकत नसावी, बोलेल माझी मायच, मावशी फक्त ऐकतील. तू गोष्ट शोधून ठेव, हसण्याची असली तर बरं. आणि पलीकडून कोणी रडताना ऐकू आलं, तरी बाळा, या वेळी फोन ठेवू नकोस.

तुझीच,
मयुरीताई